पिवळ्या चिठ्ठीवरची हजेरी

मुलांनो, बसला आहात तिथेच बसा, पण मनाने जरा उभे राहा. तुमच्यासमोर मैदान आहे. शंभर मीटरची सरळ पट्टी चुन्याने आखलेली आहे आणि तिच्यावर दहा अडथळे मांडले आहेत. अडथळा म्हणजे लोखंडी पायांवर आडवी बसवलेली फळी, तुमच्या कमरेच्या जरा वर येईल एवढी उंच. इशारा झाला की पळायचं, एकेका फळीवरून झेपावत पुढे जायचं. फळी पडली तर पडू द्यायची, मागे वळून बघायचं नाही.

उभे राहिलात? मग इशारा व्हायच्या आधी मला एवढं सांगा. अडथळे दहा, तर त्यांच्या मधली अंतरं किती?

बऱ्याच जणांनी दहा म्हटलं असेल. घाई नाही, हाताची बोटं पसरून बघा. बोटं पाच, मधल्या फटी चार. म्हणजे दहा अडथळ्यांमध्ये अंतरं नऊ. मी चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, आणि या प्रश्नाचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर देणारे फार थोडे भेटले. त्यातल्या एका मुलीची ही गोष्ट आहे. थोडी माझीही आहे, पण माझा भाग फारसा चांगला नाही.

कॉलेजात सगळे तिला खार म्हणत. अंगाने लहानखुरी आणि एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही. अडथळ्यांच्या शर्यतीसाठी कॉलेजने तिला मुद्दाम बोलावून प्रवेश दिला होता, खेळाडूंच्या वसतिगृहात खोली दिली होती. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात हा प्रश्न घातला. सगळ्या वर्गाने दहा म्हणून गलका केला. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "नऊ."

"कसं गं?"

"सर, पहिला अडथळा तेरा मीटरवर. मग साडेआठ-साडेआठ मीटरची नऊ अंतरं. शेवटी साडेदहा मीटर मोकळे. बेरीज करा, बरोबर शंभर होतात. आणि दर अंतरात तीनच पावलं टाकायची. चौथं पडलं की मी हरले."

मी फळ्यावर बेरीज केली. बरोबर शंभर. त्या दिवशी तास संपल्यावर मी तिला विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंयस. ती म्हणाली, "शाळेत गणित शिकवायचंय. लहानांना. मोठे ऐकत नाहीत."

आता पिवळ्या चिठ्ठीबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. खेळाडूंना सरावासाठी तास बुडवावे लागत. त्यामुळे हजेरी कमी पडून त्यांचा परीक्षेचा अर्ज अडू नये, म्हणून कॉलेजने तळहाताएवढी पिवळी चिठ्ठी काढली होती. तिच्यावर छापलेलं असे, 'विद्यार्थी सरावासाठी मैदानावर आहे. हजेरी धरावी.' खाली कोच सरांची सही, तिच्याखाली ज्याचा तास बुडाला त्या शिक्षकाची. एवढं झालं की हजेरीपटात नावापुढे 'ह' लागायचा. नियम चांगल्या मनाने केलेला होता. कोच सरही काही वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या डब्यातलं निम्मं मुलांना खाऊ घालायचे.

सुरुवातीला खार चिठ्ठी घेऊन यायची आणि सोबत वहीही आणायची. धापा टाकत शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहायची.

"सर, काल काय झालं तासाला?"

"काल? विशेष काही नाही. तू पळ. आम्ही आहोत ना."

"पण पुढचं कळलं नाही तर?"

"अगं, परीक्षेआधी एकदा निवांत बसू. तासाभरात सगळं होऊन जाईल."

हे माझे शब्द आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत. मला वाटायचं, मी तिच्यावर माया करतोय. दहा वेळा असं झाल्यावर तिने वही आणणं सोडलं. नुसती चिठ्ठी आणायची. मी एका हाताने चहा पीत दुसऱ्या हाताने सही करायचो.

दुसऱ्या वर्षी तिने कॉलेजला पहिल्यांदाच करंडक मिळवून दिला. आम्ही शिक्षक बाकांवर उभं राहून ओरडलो. माझा आवाज असा बसला की दोन दिवस मी सगळ्या वर्गांना नुसती गणितं घातली आणि खुणांनी बोललो. त्या वर्षाची परीक्षा तिने दुसऱ्यांनी सोडवलेली उत्तरं पाठ करून काठावर काढली. 'एकदा निवांत बसू' म्हटलेलं ते बसणं काही झालं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही ती बाहेरगावी स्पर्धेला होती.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सहाव्या अडथळ्यावर तिच्या टाचेवरची शीर तुटली. मी तेव्हा मैदानावर नव्हतो. कोच सर सांगत होते, फटाका फुटावा तसा आवाज आला आणि ती मागे वळून बघायला लागली, मागून कुणी काही मारलं की काय म्हणून.

मैदान संपलं तशा चिठ्ठ्याही संपल्या. ती आता रोज वर्गात यायला लागली. कुबड्या भिंतीला टेकवून मागच्या बाकावर बसायची. मला आनंद झाला होता. कौतुकाने मी तिला एकदा फळ्यापाशी बोलावलं आणि एक गणित लिहून दिलं. ती खडू हातात धरून उभी राहिली. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. तिचा खडू फळ्याला टेकेना.

मी हसून म्हणालो, "अगं, हे तर मागच्या वर्षीचंच आहे. आणि हजेरीपट सांगतो, तू तर एकही तास चुकवलेला नाहीस."

वर्ग हसला. मीही हसलो. तीही हसली. मग तिने खडू जागेवर ठेवला, हात झटकले आणि एका पायावर तोल सांभाळत बाकापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, पाय दुखत असेल, येईल. आठवड्याने आमच्या शिपाईमामांनी सांगितलं.

"ती गेली, सर. वसतिगृहातली खोली नव्या धावणाऱ्या पोरीला द्यायची होती. पेटी मीच बसपर्यंत नेली. दोन्ही हातांत कुबड्या, पेटी कशी उचलणार?"

"काही म्हणाली का?"

"म्हणाली, मामा, मला वर्गातलं काहीच येत नाही. पण विचारायला तोंड नाही. सगळीकडे हजर लागलंय."

लोक म्हणतात, खेळाडूंचं अभ्यासात डोकं नसतं, म्हणून ते पदवी न घेता जातात. काही जण मोठ्या संघात खेळायला जातात हे खरं आहे. पण मी पाहिलेले बरेचसे असे गेले, की त्यांना कुणी काढलं नाही आणि कुणी थांबवलंही नाही. तिच्या घरचा पत्ता कार्यालयात होता. पत्र लिहायला एक कागद लागतो. माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता.

परीक्षेच्या अर्जाची मुदत संपली. वर्ष संपलं. पुढे मीही निवृत्त झालो.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका डोळ्यावर पट्टी बांधून इस्पितळाच्या खाटेवर बसलो होतो. स्वच्छ चादरींची ढकलगाडी घेऊन एक बाई आल्या. एक पाय जरा जपून टाकत होत्या. माझ्या खाटेपाशी गाडी थांबली.

"हजर, सर," त्या म्हणाल्या.

मी मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बघा नीट. एकच डोळा उघडा आहे, तो तरी माझ्याकडे लावा."

मी म्हणालो, "खार." ती अशी बोलत होती, की जणू कालच तास झाला होता. मला उठवून तिने खाटेवरची चादर बदलली, कोपरे असे ताणून खोचले की एक सुरकुती राहिली नाही. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. इस्त्रीच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांतून चादरी बाहेर येतात, दोघींनी दोन-दोन टोकं धरायची आणि एकमेकींकडे चालत जायचं, की घडी होते. दहा घड्यांचा एक गठ्ठा. दिवसाचे किती गठ्ठे होतात हे ती न मोजता सांगायची.

"माझ्या हाताखाली शिकलेल्या तिघी आता माझ्यावर सुपरवायझर आहेत," ती म्हणाली. "चादरी मोजायला पदवी लागत नाही, सर. मोजल्या अशी सही करायला लागते."

हे ती चिडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हसत म्हणाली.

मग गाडीच्या दांडीवर हात ठेवून ती जरा थांबली. "सर, एक काम होतं. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. घरात टोळ म्हणतो आम्ही तिला. शाळेने अडथळ्यांच्या संघात घेतलंय. सोमवारी संमतीपत्र द्यायचंय आणि मी सही करत नाहीये. चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. नुसती भांडी आपटते."

"सही का नाही करत?"

"चिठ्ठी आहे, सर. आता पिवळी नाही, पांढरी छापील आहे. मजकूर तोच. तुम्ही समजवा तिला. सोमवार गेला तर संघातली जागा दुसरीला देणार आहेत. आणि कॉलेज का सुटलं हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पाय मोडला आणि अभ्यासाचा मला कंटाळा होता."

मी त्यांना रविवारी घरी बोलावलं. त्याआधी मी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आलो. राहिलेल्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा तिला आता देता येईल का, असं विचारलं. तिथल्या तरुण कारकुनाने अदबीने खुर्ची दिली, संगणकावर बघितलं आणि सांगितलं, मुदत केव्हाच संपली, तो अभ्यासक्रमही आता नाही. मी त्याचे आभार मानले आणि पायऱ्या उतरलो. इतक्या हळू मी त्या पायऱ्या कधी उतरलो नव्हतो.

रविवारी दोघी आल्या. मी एकटा राहतो, टेबलाशी दोनच खुर्च्या आहेत. एक माझी, एक शिकायला येणाऱ्याची. खाटेवर पुस्तकं पसरलेली होती. खार म्हणाली, "मी उभीच बरी, सर, सवय आहे," आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. टोळ माझ्यासमोर बसली. तिच्यात निम्म्याहून अधिक पायच होते. चेहरा फुगवलेला.

"अडथळे दहा," मी म्हणालो, "तर अंतरं..."

"नऊ. आईने शिकवलंय. गाजराचे दहा तुकडे करायला नऊ वेळाच चिरावं लागतं." आणि लगेच, "सर आजोबा, तुम्ही मला पळू नको असं सांगायला बोलावलंय ना?"

"कोण म्हणालं?"

"आई काल मला जास्तीची पोळी वाढत होती. ती काहीतरी वाईट व्हायचं असलं की वाढते."

खिडकीपाशी उभ्या खारचा आवाज आला, "पोळी खाल्लीस ना? मग गप्प बस."

टोळने संमतीपत्र टेबलावर ठेवलं. मी वाचलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तिसरा-चौथा तास मैदानावर, आणि त्या तासांची हजेरी धरली जाईल. मी मनात एक चांगलं भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यात शिस्त होती, वेळापत्रक होतं. ते सुरू करणार तेवढ्यात तिने विचारलं, "आईने कॉलेज का सोडलं?"

मी खारकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. तिने मान थोडी हलवली, सांगा म्हणून.

मी सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, चहाच्या कपासकट. फळ्यापाशी मी जे बोललो तेही.

"म्हणजे सह्या तुम्ही केल्यात," शेवटी टोळ म्हणाली.

"मी केल्या."

"किती?"

"दुसऱ्या वर्षी एकशे अकरा."

निवृत्त झालो तेव्हा जुने हजेरीपट रद्दीत निघाले होते. त्यातला तिच्या वर्षाचा मी घरी आणून ठेवला होता. का आणला ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी तो कपाटातून काढून टोळसमोर उघडला. तिने आईचं नाव शोधलं आणि त्या ओळीवरून बोट फिरवत गेली. ह, ह, ह, ह. पान उलटलं, पुन्हा ह, ह, ह.

"आई, तू एवढी हुशार होतीस?"

"हजर असलं म्हणजे कुणी हुशार होत नाही."

"पण तू हजरही नव्हतीस."

खार हसली. कुणाला तरी आपलं बिंग फुटल्यावर हायसं वाटावं तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, सह्या तुमच्या खऱ्या, पण चिठ्ठ्या घेऊन मीच येत होते. मला कुणी ढकलत नव्हतं."

"तू अठरा वर्षांची होतीस. मी पंचेचाळीसचा होतो."

"एकदा तरी नाही म्हणायचं होतंत."

"तर?"

"तर मी महिनाभर तुमचं तोंड पाहिलं नसतं." ती थांबली. "पण तास पाहिला असता."

टोळने पाय खुर्चीवर घेतले आणि हनुवटी गुडघ्यांवर ठेवली. "मग मी काय करू? पळू नको?"

"तसं मी कधी म्हटलं?" खार म्हणाली.

"सही करत नाहीस म्हणजे तेच झालं."

"मला तू पळायला हवी आहेस. तू पळतेस तेव्हा मी इकडे श्वास घ्यायची विसरते. पण ते कागदावरचं हजर..."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. एकीला वाटत होतं मी नको म्हणेन, दुसरीला वाटत होतं मी काहीतरी मार्ग काढेन. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. चाळीस वर्षं ज्याने प्रश्न घातले त्याची ही गत. मी तसं सांगितलं, "मला माहीत नाही गं."

टोळने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हजेरीपटाकडे. मग तिने माझी पट्टी आणि पेन्सिल ओढून घेतली, संमतीपत्र पालथं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला लागली. उभ्या तीन, म्हणजे रकाने चार, आणि आडव्या बऱ्याच. पहिल्या रकान्यात तिने येत्या मंगळवारची तारीख घातली, मग शुक्रवारची, मग पुढच्या मंगळवारची. दुसऱ्यात विषय. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक तारखेपुढे लिहिलं, 'गै'. गैरहजर. चौथा मोकळा ठेवला.

"शाळेच्या वहीत त्यांना काय लावायचं ते लावू दे," ती म्हणाली. "मी खरं इथे लिहिणार, कागद शाळेत द्यायच्या आधी वहीत उतरवून घेणार. आणि चौथ्यात सही. पण तो तास मला शिकवून झाल्यावर. आधी नाही."

"सही कुणी करायची?" मी विचारलं.

"शिकवेल त्याने. तुम्ही. नाहीतर आई. गणित असलं तर आई." तिने कागद सुलटा करून आईपुढे धरला. "सगळ्या तारखांपुढे सह्या नसल्या तर महिनाअखेरीला मी मैदानावर जाणार नाही. हेही लिहू?"

"लिही," खार म्हणाली.

तिने ते लिहिलं. खारने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दोन्ही बाजू वाचल्या. रोज शेकडो चादरी हाताळणारे ते हात एका कागदाला इतके जपून धरत होते, की मी नजर दुसरीकडे वळवली. मग तिने पुढच्या बाजूला सही केली.

वाटलं, झालं. मी हजेरीपट मिटायला हात पुढे केला, तर टोळने त्याच्यावर तळहात ठेवला.

"याचं काय?"

"ते जुनं आहे, बाळा," खार म्हणाली. "त्याला आता अर्थ नाही. पदवीची मुदत गेली. सर विचारून आलेत."

"मी पदवीचं म्हणत नाहीये. तो तास म्हणतेय." तिने आईच्या ओळीतला पहिला 'ह' बोटाने दाखवला. "या दिवशी काय शिकवलं होतं?"

मी चष्मा लावून तारीख वाचली. समासात माझ्याच अक्षरात त्या तासाचा विषय लिहिलेला होता. मी सांगितला.

"हे तुला येतं का?" तिने आईला विचारलं.

"नाही," खार म्हणाली. येत नाही, असं तिने माझ्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं होतं.

टोळने पेन्सिलला टोक काढलं आणि त्या शाईच्या 'ह' शेजारी बारीक अक्षरात 'गै' लिहिलं. मग ती खुर्चीवरून उतरून माझ्या स्वयंपाकघरात गेली, तिथलं डगमगणारं स्टूल फरशीवरून कर्कश आवाज करत ओढत आणलं, टेबलाच्या मोकळ्या बाजूला लावलं, त्याच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवली, आणि खिडकीपाशी जाऊन आईचा हात धरला.